राखून ठेवलेला धातू : छोट्या इंजिनांच्या सिलिंडर-दुरुस्तीचा इतिहास
(विशेष संदर्भ : गुलमंडी, औरंगाबाद)

प्रस्तावना

औरंगाबाद शहराचा औद्योगिक इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी साधारणतः कारखान्यांवर स्थिरावते. १८८९ मध्ये उभी राहिलेली सूत व कापड गिरणी, १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाल्यानंतरचे जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने, पुढे रेल्वे स्टेशन, चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहती आणि १९८५ मध्ये वाळूज येथे सुरू झालेला बजाज ऑटोचा कारखाना, असा हा परिचित क्रम आहे. या क्रमात यंत्राचा जन्म नोंदला जातो; त्याचे आयुष्य मात्र नोंदले जात नाही. एखादी स्कूटर कारखान्यात काही तासांत जुळवली जाते आणि रस्त्यावर वीस-पंचवीस वर्षे चालते. या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास म्हणजे बव्हंशी दुरुस्तीचा इतिहास होय. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या नव्हे, तर वापराच्या अंगाने लिहावा, अशी मांडणी केली आणि त्यात देखभाल व दुरुस्तीला मध्यवर्ती स्थान दिले. मराठवाड्यासारख्या प्रदेशाच्या बाबतीत ही मांडणी विशेष उपयुक्त ठरते, कारण येथे बहुतेक यंत्रे बाहेरून आली. त्यांना चालते ठेवण्याचे काम मात्र येथल्या हातांनी केले.

प्रस्तुत लेखात या विस्तृत विषयातील एकच भाग निवडला आहे : छोट्या इंजिनाचा सिलिंडर. विहिरीवरील ऑइल इंजिन, गुलमंडीच्या गर्दीतून फिरणारी स्कूटर आणि एरोमॉडेलिंगमधील चिमुकल्या विमानाचे इंजिन या तिन्हींचा सिलिंडर झिजतो, ओरखडतो व दुरुस्तीला येतो; परंतु तिन्हींची दुरुस्ती वेगवेगळ्या रीतीने होते. हा फरक केवळ कारागिराच्या कौशल्याचा नाही. निर्मात्याने सिलिंडरच्या भिंतीत दुरुस्तीसाठी किती धातू राखून ठेवला आहे, यावर तो प्रामुख्याने अवलंबून असतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. विवेचन मुख्यतः त्यापूर्वीच्या काळाचे असल्याने लेखात तत्कालीन नाव ठेवले आहे.

एका प्रतिकृतीची दुरुस्ती

यंत्रयुगाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध दुरुस्ती एका प्रतिकृतीचीच होती, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातील न्यूकोमेन इंजिनाची छोटी प्रतिकृती जेम्स वॅट याच्याकडे दुरुस्तीसाठी आली. तिच्या सिलिंडरचा व्यास जेमतेम दोन इंच होता. मोठे इंजिन ज्या रीतीने चालत असे, त्याच रीतीने बनवलेली ही प्रतिकृती मात्र चार-दोन फटके मारून थांबे. वॅटने तिची कारणे शोधली, तेव्हा आकारमान लहान झाले की घनफळाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो आणि वाफेची उष्णता सिलिंडरच्या भिंतीतच अधिक प्रमाणात वाया जाते, हे त्याच्या ध्यानात आले. वेगळ्या संघनकाची कल्पना या विचारातून पुढे आली. छोटा सिलिंडर हा मोठ्या सिलिंडरची नुसती लहान आवृत्ती नसतो, हा धडा त्या दुरुस्तीने दिला. विमानाच्या छोट्या इंजिनाकडे वळताना तो पुन्हा उपयोगी पडेल.

वॅटची दुसरी अडचण तितकीच बोलकी आहे. कल्पना तयार असूनही पुरेसा गोल सिलिंडर त्याला अनेक वर्षे मिळाला नाही. ओतीव सिलिंडर आतून वेडावाकडा असे आणि दट्ट्याच्या कडेने वाफ निसटे. जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये तोफा कोरण्यासाठी नवे बोअरिंग यंत्र सिद्ध केले. त्याच विद्येच्या आधारे त्याने वॅटचे सिलिंडर कोरले आणि १७७६ मध्ये ही इंजिने कामाला लागली. तोफेची नळी आणि इंजिनाचा सिलिंडर यांचे हे नाते दख्खनच्या अभ्यासकाला परके वाटू नये. विजापूरची मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. ओतकामाची अशी थोर परंपरा या भूमीत होती. अचूक बोअरिंगची परंपरा मात्र येथे बाहेरून व फार उशिरा आली.

सिलिंडर कसा झिजतो

सिलिंडरमध्ये दट्ट्या वर-खाली होतो. दट्ट्या हा मराठी विश्वकोशाने रूढ केलेला शब्द. कारखान्यात व गॅरेजमध्ये त्याला पिस्टनच म्हणतात, आणि तेथील कारागीर सिलिंडरलाही अनेकदा नुसते ‘बोअर’ म्हणून मोकळे होतात. दट्ट्याभोवतीच्या रिंगा भिंतीला दाबून बसतात व वायू निसटू देत नाहीत. झीज सर्वत्र सारखी होत नाही. वरच्या टोकाशी, जेथे दाब व उष्णता सर्वाधिक आणि तेल सर्वांत कमी, तेथे ती जास्त असते. खालच्या भागात कमी. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने दट्ट्या एका बाजूला अधिक रेटला जातो आणि भोक हळूहळू लंबगोल होते. टू-स्ट्रोक इंजिनात भर म्हणून भिंतीलाच खिडक्या असतात. इंधनमिश्रण आत येण्याची व जळका वायू बाहेर जाण्याची ही दारे, म्हणजे पोर्ट, दट्ट्याच उघडतो व मिटतो. बाहेर जाण्याच्या दाराजवळची भिंत अधिक तापते, अधिक फुगते आणि तेथेच ओरखडे लवकर पडतात.

झीज हा सावकाश होणारा बिघाड. ‘सीज होणे’ हा अचानक होणारा. तेल कमी पडले, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण घटले किंवा थंड हवा मिळाली नाही, की दट्ट्या फुगतो आणि भिंतीला चिकटतो. इंजिन धरले, जाम झाले, असे बोलीत म्हणतात. सिलिंडर उघडल्यावर दट्ट्याच्या ॲल्युमिनियमचे पट्टे भिंतीवर पसरलेले दिसतात. अशा वेळी दुरुस्ती करणाऱ्यापुढे तीनच मार्ग असतात : भिंतीतून धातू काढणे, भिंतीत धातू भरणे किंवा भिंतच बदलणे. छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचा सारा इतिहास या तीन क्रियापदांत सामावतो.

विहिरीवरचे इंजिन : भिंत बदलणे

मराठवाड्यातील खेड्यांत अंतर्ज्वलन इंजिन पोहोचले ते मुख्यतः विहिरीवर पाणी उपसण्यासाठी. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगरापासून पंपांपर्यंत शेतीच्या अवजारांची निर्मिती केली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. (मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या औरंगाबादचे मूळ नावही खडकीच, हा निव्वळ योगायोग.) या कंपनीच्या पाच अश्वशक्तीच्या एव्ही-वन जातीच्या इंजिनात ८० मि.मी. व्यासाचा व ११० मि.मी. धावेचा सिलिंडर असून ते मिनिटाला १५०० फेरे घेते. त्याच्या सिलिंडरमध्ये बदलता येण्याजोगे लायनर, म्हणजे ओतीव लोखंडाची स्वतंत्र नळी बसवलेली असते.

येथे दुरुस्तीची सोय आराखड्यातच केलेली आहे. नळी झिजली की ती काढून नवी घालायची. बाहेरचा सांगाडा तसाच राहतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे होते, कारण पिकाला पाण्याची पाळी चुकली तर हंगाम जातो. लायनर, पिस्टन व रिंगा हा संच तालुक्याच्या गावी मिळाला की साधा जाणकारही एका दिवसात काम उरकू शके. पुढे वीज खेडोपाडी पोहोचली, विद्युत मोटार आली आणि ऑइल इंजिन हळूहळू मागे पडले. या इंजिनावर हात बसलेल्या कारागिराला सिलिंडर मापण्याची सवय मात्र लागलेली होती.

गुलमंडी : धातू काढणे

गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. औरंगपुरा, पैठण गेट, मछली खडक व सिटी चौक यांच्या दरम्यान असलेला हा चौक जुन्या शहराच्या व्यापाराचे केंद्र आहे. येथील रस्ते मोटारीच्या काळापूर्वीचे. मोठ्या वाहनाला येथे फिरणे अवघड, आणि म्हणूनच दुचाकी हे या भागाचे स्वाभाविक वाहन ठरले. कापडाचा गठ्ठा, किराणा मालाच्या थैल्या, पुढे उभे मूल आणि मागे घरची मंडळी असा संसार वाहणारी स्कूटर गुलमंडीत कोणालाही नवलाची वाटत नसे.

ही स्कूटर कशा काळात आली, हे पाहणे आवश्यक आहे. बजाज समूहाने १९४८ पासून व्हेस्पा स्कूटर आयात करून विकण्यास आरंभ केला व पुढे पियाजिओ या इटालियन कंपनीच्या परवान्याने ती येथे बनवली. हा करार १९७१ मध्ये संपुष्टात आला आणि १९७२ मध्ये चेतक बाजारात आली. उत्पादनावर परवान्याची मर्यादा असल्याने मागणी पुरी होत नसे. नोंदणी करून ग्राहकाला कित्येक वर्षे, अनेकदा दशकभर, वाट पाहावी लागे. ज्या वस्तूसाठी माणूस दहा वर्षे थांबतो, ती वस्तू तो टाकून देत नाही. टंचाईने दुरुस्तीला प्रतिष्ठा दिली, असे म्हणण्यास हरकत नाही. अर्थात टंचाईचा गौरव करण्याचे कारण नाही, कारण तिची किंमतही त्याच ग्राहकाने मोजली होती.

चेतकचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा, ५७ मि.मी. व्यासाचा व ५७ मि.मी. धावेचा; घनफळ १४५.४५ सीसी. याच मापाचे टू-स्ट्रोक इंजिन बजाजच्या तीनचाकी रिक्षातही होते. इंजिन थंड ठेवण्याचे काम फ्लायव्हीलला जोडलेला पंखा करतो. इंजिनाचे फेरे कमी झाले की वाराही कमी होतो. रिक्षा किंवा स्कूटर गर्दीच्या चौकात पहिल्या गिअरमध्ये, पूर्ण भाराने, उन्हाळ्याच्या दुपारी रेंगाळते, तेव्हा सिलिंडरला उष्णता भरपूर आणि वारा बेताचा अशी स्थिती होते. त्यात पेट्रोलमध्ये मिसळण्याचे तेल अंदाजाने ओतलेले असले की इंजिन धरायला वेळ लागत नाही. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन स्कूटरींपैकी मोकळ्या रस्त्यावरची एक आणि बाजारातली एक यांच्या सिलिंडरचे आयुष्य सारखे नसते.

अशा सिलिंडरचे बोअरिंग करतात. लोखंडाची भिंत पुरेशी जाड ठेवलेली असल्याने आतला झिजलेला व ओरखडलेला थर कापून भोक पुन्हा गोल करता येते आणि त्यात थोडा मोठा, ‘ओव्हरसाइझ’ पिस्टन बसवता येतो. असे पिस्टन ठरावीक टप्प्यांत मिळतात. काही इंजिनांना पाव मिलिमीटरच्या टप्प्याने, काहींना त्याहून लहान टप्प्याने. कामाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम डायल गेजने भोक वर, मध्ये व खाली आणि दोन काटकोनी दिशांनी मापतात. सर्वांत खोल ओरखडा कोणत्या टप्प्यात निघून जाईल, ते ठरवून पिस्टन आधी आणतात आणि त्या विशिष्ट पिस्टनच्या मापाला भोक कापतात. आधी भोक आणि मग पिस्टन हा क्रम अनाडीपणाचा समजला जातो. कापल्यानंतर होनिंगच्या दगडांनी भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा उमटवतात. आरशासारखी गुळगुळीत भिंत चांगली, असा सामान्य समज असतो. वास्तविक या रेषांतच तेल टिकते आणि नव्या रिंगा बसतात.

टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला आणखी एक संस्कार लागतो. बोअरिंगमुळे पोर्टच्या कडा धारदार होतात. त्या कानशीने किंवा बारीक दगडाने हलक्या हाताने मारल्या नाहीत, तर रिंग खिडकीच्या कडेला अडकून तुटते आणि तिचे तुकडे सगळे काम मातीत घालतात. दहा मिनिटांचे हे काम यंत्र करत नाही, बिलावर दिसत नाही आणि ग्राहकाला कळत नाही. चांगला मिस्त्री आणि सामान्य मिस्त्री यांतील भेद अशा ठिकाणी असतो. उर्दू-दखनीच्या सहवासामुळे औरंगाबादेत अशा जाणत्या कारागिराला ‘उस्ताद’ म्हणण्याची रीत आहे. शिकण्याची वाट दुहेरी होती : एकीकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील टर्नर, फिटर व मोटार मेकॅनिक हे अभ्यासक्रम आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवारी, दुसरीकडे उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत-पुसत शिकणे.

प्रत्येक बोअरिंग ही एका अर्थाने खर्ची पडलेली शिल्लक असते. ५७ मि.मी.चे भोक टप्प्याटप्प्याने ५८ मि.मी. झाले, असे धरले, तर घनफळ १४५.४५ वरून सुमारे १५०.६ सीसी होते. इंजिनाच्या वागण्यात फारसा फरक जाणवत नाही. पण भिंत प्रत्येक बाजूने अर्धा मिलिमीटर पातळ झालेली असते. अखेरचा टप्पा संपला की भोक बरेच मोठे करून त्यात लोखंडी स्लीव्ह ठोकतात व ती पुन्हा मूळ मापाला कापतात. म्हणजे काढण्याचा मार्ग संपल्यावर भरण्याचा मार्ग घेतात. पिस्टनच्या माथ्यावर त्याच्या मापाचा आकडा कोरलेला असतो. इतिहासाच्या अभ्यासकाला हा आकडा उपयोगाचा आहे. जुन्या स्कूटरचा सिलिंडर उघडून तो वाचला आणि भोक मापले, तर तिच्यावर किती शस्त्रक्रिया झाल्या, हे कोणत्याही कागदाशिवाय सांगता येते.

चिमुकले विमान : जेथे काढायला धातू नाही

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागाची स्थापना १ एप्रिल १९५० रोजी झाली. विमानांच्या चालत्या प्रतिकृती बनवणे व उडवणे, म्हणजे एरोमॉडेलिंग, हा त्या विभागाच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. अनेक महाविद्यालयीन प्राध्यापकांनी छात्रसेनेचे अधिकारी म्हणून हे खेळ जवळून पाहिले असतील. तारेच्या साहाय्याने वर्तुळात फिरणाऱ्या अशा विमानाच्या नाकावर मुठीत मावेल एवढे इंजिन असते. त्याचा सिलिंडर बिघडला, तर गुलमंडीतल्या स्कूटरचा उपाय चालत नाही. तो का चालत नाही, हे थोड्या आकडेमोडीने स्पष्ट होते.

२.५ सीसी हा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील एक प्रमुख वर्ग. त्यातील इंजिनाचे एक सर्वमान्य माप १५ मि.मी. व्यास व १४ मि.मी. धाव, घनफळ सुमारे २.४७ सीसी. या सिलिंडरला स्कूटरप्रमाणे पाव मिलिमीटरचे बोअरिंग केले, तर घनफळ २.५६ सीसी होईल आणि इंजिन स्पर्धेच्या वर्गातूनच बाद होईल. नळीची भिंतही इतकी पातळ असते, की कापण्यास वाव फारसा नसतो. अडचण येथेच संपत नाही. वायू निसटतो तो दट्ट्याच्या परिघावरून. स्कूटरच्या दट्ट्याचा परिघ सुमारे १७९ मि.मी. आणि घनफळ १४५ सीसी, म्हणजे दर सीसीमागे सव्वा मिलिमीटर कड. विमानाच्या इंजिनात परिघ ४७ मि.मी. आणि घनफळ अडीच सीसी, म्हणजे दर सीसीमागे १९ मि.मी. गळतीची संधी सुमारे पंधरापट झाली. वॅटच्या प्रतिकृतीत उष्णतेचे जे झाले, तेच येथे दाबाचे होते. त्यामुळे स्कूटरमध्ये दट्ट्या व भिंत यांतील फट शतांश मिलिमीटरांत मोजतात, तर या इंजिनांत ती हजारांश मिलिमीटरांत ठेवावी लागते. अनेक इंजिनांत रिंगाच नसतात. दट्ट्या नळीत घासून-घासून जुळवलेला असतो आणि ही जोडी जन्माची असते. एका इंजिनाचा दट्ट्या त्याच जातीच्या दुसऱ्या इंजिनात घातला, तरी तो चालेलच असे नाही.

या इंजिनांची घडणही काळानुसार बदलली. १९३० च्या दशकात ठिणगीवर चालणारी छोटी पेट्रोल इंजिने अमेरिकेत तयार झाली. १९४० च्या दशकात युरोपात ईथर, केरोसीन व तेल यांच्या मिश्रणावर चालणारी, दाबाने पेटणारी ‘डिझेल’ इंजिने आली. १९४७ मध्ये अमेरिकेत रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि मिथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनांचे युग सुरू झाले. आरंभीची जोडी लोखंडी दट्ट्या व पोलादी नळी अशी होती. १९६० च्या दशकात ॲल्युमिनियमचा दट्ट्या आणि आतून क्रोमचा थर दिलेली पितळी नळी अशी नवी जोडी पुढे आली. पितळ व ॲल्युमिनियम तापल्यावर जवळपास सारखे फुगतात, हे तिचे मर्म. नळी वरच्या टोकाला किंचित अरुंद ठेवलेली असते. थंड इंजिन हाताने फिरवताना दट्ट्या वर अडल्यासारखा वाटतो. नवखा माणूस त्याला बिघाड समजतो. इंजिन तापले, की वरचा भाग अधिक फुगून नळी सरळ होते.

या इंजिनांत वंगण म्हणून एरंडेल तेल वापरण्याची प्रथा दीर्घकाळ आहे. मिथेनॉलमध्ये ते मिसळते आणि अतिउष्णतेतही आपला थर सोडत नाही. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या रोटरी इंजिनांतही एरंडेलच घातले जात होते. घरातल्या पोटदुखीच्या बाटलीतील हे तेल विमानविद्येच्या इतिहासात एवढ्या मानाने वावरते, याची आपल्याकडे फारशी जाणीव नाही. एरंडेल जळले की धातूवर तपकिरी चिवट वार्निशाचा पातळ थर साचतो. मालक उत्साहाने तो घासून काढतो आणि इंजिनाचा दाब गेलेला आढळतो. झिजलेल्या जोडीतील फट त्या थरानेच बुजवलेली होती! न मागता झालेली ही दुरुस्ती ओळखून तिला हात न लावणे, हेही ज्ञान आहे.

मैदानावरील धूळ, बिनगाळणीची हवा, मोसम संपल्यावर इंधनाचे अवशेष न काढता ठेवलेले इंजिन आणि त्यामुळे चढलेला गंज, तेल-इंधनाचे प्रमाण चुकल्याने आलेली अतिउष्णता आणि नळीवरून सुटलेला क्रोमचा पापुद्रा ही सिलिंडर बिघडण्याची नेहमीची कारणे होत. त्यांवर उपाय चार. ओरखडा अगदी वरवरचा असल्यास बारीक अपघर्षक लावलेल्या लॅपने नळी हलकेच घासून साफ करतात. लोखंड-पोलादाची जोडी असल्यास नळी घासून गोल करतात आणि तिच्या नव्या मापाचा लोखंडी दट्ट्या लेथवर कातून, लॅप करून बसवतात. बाजारात ओव्हरसाइझ मिळत नसल्याने कारागीर तो स्वतः घडवतो. पितळी नळी वरच्या टोकाला सैल झाली असल्यास ती निमुळत्या भोकाच्या साच्यातून किंचित दाबून आवळतात. आणि थरच गेला असल्यास जुने क्रोम काढून नव्याने हार्ड क्रोम चढवतात व ते मापाला घासतात. काढण्याजोगा धातू निर्मात्याने ठेवलेलाच नाही, म्हणून येथे धातू आवळावा किंवा भरावा लागतो. दाबण्याच्या कामात प्रमाण थोडे चुकले, तर नळी कायमची वाया जाते. त्यामुळे दाबणे, बसवून पाहणे, पुन्हा दाबणे असा सावध क्रम ठेवतात.

हार्ड क्रोमची विद्या औद्योगिक शहराला अनोळखी नाही. साचे व हायड्रॉलिक दांडे यांना हाच थर देतात. परंतु पंधरा मिलिमीटरच्या एका नळीसाठी टाकी चालवणे प्लेटिंगवाल्याला परवडत नाही. शिवाय या प्रक्रियेतील सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, हे सिद्ध झाल्याने घरगुती पातळीवर ती करणे सर्वथा वर्ज्य ठरते. येथे हौशी माणसाला कारखान्याची गरज लागते आणि कारखान्याला हौशी माणसाची गरज नसते. तरीही परदेशी वस्तू सहज मिळत नव्हती, तोवर दुरुस्तीला पर्याय नव्हता. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध २००१ च्या एप्रिलमध्ये पूर्णपणे उठले. त्यानंतर नवे इंजिन मागवणे सोपे झाले आणि पुढे विद्युत मोटार व बॅटरी यांनी इंजिनाचीच जागा घेतली. आजच्या बहुतांश प्रतिकृतींत व ड्रोनमध्ये सिलिंडर हा भागच नाही.

१९९१ नंतर : राखीव धातूचा लोप

उदारीकरणानंतर स्कूटरची प्रतीक्षायादी संपली. उत्सर्जनाचे निकष १९९६, २००० व २००५ मध्ये क्रमाने कडक होत गेले आणि न जळलेले इंधन व तेल बाहेर टाकणारे टू-स्ट्रोक इंजिन मागे पडले. हे बदल लोकांच्या आरोग्याच्या दृष्टीने इष्टच होते. चेतकचे उत्पादन २००५ च्या सुमारास थांबले आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये बजाज ऑटोने स्कूटर-निर्मितीतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. चार धावेच्या इंजिनाला तेलाची स्वतंत्र टाकी असते, त्यामुळे सिलिंडर अधिक काळ टिकतो. दुसरीकडे महागड्या मोटारसायकलींत ॲल्युमिनियमच्या भिंतीवर निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर देण्याची पद्धत आली. हा थर मिलिमीटरच्या अंशाएवढा पातळ असतो. त्याला बोअरिंग करता येत नाही; केले तर थर निघून जातो. तो गेला, तर पुन्हा थर देणे किंवा सिलिंडर बदलणे हेच उपाय उरतात. म्हणजे रस्त्यावरचे इंजिन आता एरोमॉडेलिंगच्या इंजिनासारखे झाले आहे : अधिक हलके, अधिक अचूक, अधिक टिकाऊ आणि बिघडल्यावर चौकातल्या कारागिराच्या आवाक्याबाहेरचे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. कारागिराचे कौशल्य कमी झाले म्हणून दुरुस्ती संपली, असे सर्रास म्हटले जाते. उपरोक्त विवेचनावरून ते खरे दिसत नाही. बोअरिंग करणारा हात तसाच होता. त्याच्यासाठी भिंतीत राखलेला धातू काढून घेतला गेला. हा निर्णय आराखड्याच्या टेबलावर झाला आणि त्यामागे वजन, इंधनबचत व प्रदूषण यांची रास्त कारणे होती. मात्र दुरुस्ती करणाऱ्याचे हित त्या हिशेबात कोठेही नोंदले गेले नाही. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारवाहने ही चार क्षेत्रे तिच्यासमोर होती. या चर्चेचा भर सुटे भाग, माहितीपुस्तिका व किंमत यांवर आहे. भाग उपलब्ध असणे आणि भाग दुरुस्त करता येण्याजोगा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑइल इंजिनाच्या लायनरने पहिली साधली होती, स्कूटरच्या जाड भिंतीने दुसरी.

औरंगाबादच्या संदर्भात या इतिहासाची साधने अद्याप हाताशी आहेत, परंतु ती झपाट्याने भंगारात जात आहेत. ओव्हरसाइझ पिस्टनच्या रिकाम्या पेट्या, बोअरिंगची बिलबुके, वर्कशॉपच्या भिंतीवर खडूने लिहिलेली मापे आणि स्वतः जुने सिलिंडर ही सारी साधनेच होत. महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने अभियांत्रिकी किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या साहाय्याने अशा पन्नास जुन्या सिलिंडरांची मापे घेतली, तर शहरातील वाहने किती वेळा दुरुस्त होऊन चालली, याचा प्रत्यक्ष पुरावा हाती येईल. प्रत्येक नोंदीत वाहनाचा प्रकार, वर्ष, भोकाचा व्यास तीन उंचींवर व दोन दिशांनी, पिस्टनच्या माथ्यावरील आकडा, स्लीव्ह आहे की नाही आणि पोर्टच्या कडा हाताने मारलेल्या आहेत की नाहीत, एवढे असावे. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण यंत्राने न केलेल्या व बिलावर न आलेल्या कामाची खूण तेवढ्याच ठिकाणी उरते.